विश्लेषण : राइट क्लिक मेन्यूत स्वतःचे ‘टर्मिनल’ बटण कसे आणायचे? आणि त्यात काळजी कशाची घ्यायची?

हव्या त्या फोल्डरमध्ये एका क्लिकवर टर्मिनल उघडण्याची सोय पाच मिनिटांत करता येते. मात्र इंटरनेटवरची तयार फाइल डबल क्लिक करून ती सोय घेण्याआधी त्या एका ओळीत काय लिहिले आहे, हे वाचता यायला हवे.

इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलची परीक्षा सुरू आहे. कोड ‘डी’ ड्राइव्हवर आहे. तिथे ‘टीई’चा फोल्डर, त्यात सेमिस्टरचा, त्यात विषयाचा आणि त्यात ‘प्रॅक्टिकल ७’. माउसने तिथपर्यंत पोहोचायला चार-पाच डबल क्लिक पुरतात. पण प्रोग्राम चालवण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडला की तो येतो ‘सी’ ड्राइव्हवर, युजरच्या फोल्डरमध्ये. मग ‘सीडी’ लिहून पुढे सगळा पत्ता टाइप करायचा. एंटर दाबले तरी प्रॉम्प्ट जागचा हलत नाही. चूक कळत नाही, कारण एररही येत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये साधी ‘सीडी’ ड्राइव्ह बदलत नाही. त्यासाठी ‘स्लॅश डी’ जोडावे लागते किंवा आधी ‘डी’ आणि विसर्गचिन्ह टाइप करून ड्राइव्ह बदलावा लागतो. लॅबमध्ये दर वर्षी कुणी ना कुणी यात पाच-दहा मिनिटे घालवतोच.

यावरचा उपाय माउसच्या उजव्या बटणात आहे. फोल्डरमधल्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केले की जी यादी उघडते, तिच्यात स्वतःची एक ओळ टाकता येते. तिच्यावर क्लिक केले की टर्मिनल थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते. ‘गिट’ इन्स्टॉल केल्यावर मेन्यूत येणारी ‘ओपन गिट बॅश हिअर’ ही ओळ किंवा ‘व्हीएस कोड’ची ‘ओपन विथ कोड’ ही ओळ बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. त्या ओळी ज्या रीतीने येतात, त्याच रीतीने आपलीही आणता येते.

ही सोय आधीपासूनच नाही का?

काही प्रमाणात आहे. विंडोज ११ मध्ये राइट क्लिक केल्यावर ‘ओपन इन टर्मिनल’ हा पर्याय कंपनीनेच दिलेला आहे. विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक केले तर ‘ओपन पॉवरशेल विंडो हिअर’ दिसते. पूर्वी त्या जागी कमांड प्रॉम्प्ट असे, २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तिथे पॉवरशेल आणले. आणखी एक युक्ती अनेकांना माहीत नसते. फोल्डर उघडा असताना वरच्या ॲड्रेस बारमध्ये क्लिक करून फक्त ‘सीएमडी’ लिहावे आणि एंटर दाबावे. कमांड प्रॉम्प्ट त्याच फोल्डरमध्ये उघडतो. ज्यांना महिन्यातून एकदा गरज पडते, त्यांनी एवढ्यावरच थांबायला हरकत नाही.

स्वतःच्या ओळीची गरज पडते ती दोन कारणांनी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी त्यावर चालणारे अनेक पीसी अजून वापरात आहेत, आणि तिथे शिफ्ट दाबल्यावर मिळते ते पॉवरशेल. अभ्यासक्रमातल्या कमांड मात्र अनेकदा जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या असतात. दुसरे कारण आवडीचे. कुणाला टर्मिनल ठरावीक प्रोफाइलमध्ये हवे असते, कुणाला उबंटूचे वातावरण हवे असते, कुणाला मेन्यूतली ओळ मराठीत हवी असते. हो, ती मराठीतही लिहिता येते.

मेन्यूतली ही ओळ येते कुठून?

क्लिक केलेल्या जागेप्रमाणे बदलणाऱ्या मेन्यूची कल्पना नवी नाही. माउसच्या बटणावर उघडणारे मेन्यू १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्कच्या स्मॉलटॉक प्रणालीत होते. सामान्य पीसीवर राइट क्लिकची सवय रुजवली ती १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ ने. एका बटणाच्या माउसवर अडून बसलेल्या ॲपलने १९९७ मध्ये मॅक ओएस ८ मध्ये कंट्रोल दाबून क्लिक करण्याची सोय दिली.

विंडोजमध्ये या मेन्यूतला मजकूर रजिस्ट्रीतून येतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात, तो मोठा साठा. त्याची रचना फोल्डरसारखीच असते. मोठ्या शाखेत छोटी शाखा, तिच्यात आणखी छोटी. या शाखांना ‘की’ म्हणतात आणि त्यात ठेवलेल्या नोंदींना ‘व्हॅल्यू’. रिकाम्या जागेवर राइट क्लिक झाले की फाइल एक्सप्लोरर रजिस्ट्रीतल्या ठरावीक शाखेत डोकावतो आणि तिथे जेवढ्या उपशाखा सापडतील, तेवढ्या ओळी मेन्यूत दाखवतो.

कुठल्या शाखेत, हे क्लिक कुठे झाले त्यावर ठरते. फोल्डरच्या चिन्हावरच क्लिक केले तर ‘डिरेक्टरी’ आणि तिच्यातली ‘शेल’ ही शाखा. फोल्डर उघडून आतल्या रिकाम्या जागेवर क्लिक केले तर ‘डिरेक्टरी’, त्यात ‘बॅकग्राउंड’ आणि त्यात ‘शेल’. यातली दुसरी शाखा डेस्कटॉपलाही लागू होते, कारण डेस्कटॉप हाही शेवटी एक फोल्डरच असतो. फक्त डेस्कटॉपवरच ओळ हवी असेल, तर ‘डेस्कटॉपबॅकग्राउंड’ नावाची वेगळी शाखा आहे.

इथे एक फरक माहीत असावा. आपण टाकणार आहोत ती साधी, लिखित स्वरूपाची नोंद असते. ‘हे नाव दाखव, क्लिक झाल्यावर हा प्रोग्राम चालव’, एवढेच ती सांगते. काही सॉफ्टवेअर मात्र मेन्यू तयार करण्यासाठी आपला प्रोग्राम थेट एक्सप्लोररच्या आत लोड करतात. राइट क्लिक केल्यावर मेन्यू यायला दोन-तीन सेकंद लागत असतील, तर अनेकदा कारण असा एखादा पाहुणाच असतो. साध्या नोंदीमुळे मेन्यू मंदावत नाही.

प्रत्यक्षात ओळ कशी टाकायची?

हा लेख बहुतेक वाचक फोनवर वाचत असतील आणि बदल करायचा आहे समोरच्या पीसीवर. म्हणजे कॉपी-पेस्ट होणार नाही, प्रत्येक अक्षर हाताने टाइप करावे लागेल. हे गैरसोयीचे वाटले तरी चांगलेच आहे. का, ते पुढे येईल. खाली नावे देवनागरीत दिली असली तरी पीसीवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

आधी स्टार्ट मेन्यूत ‘रजेडिट’ शोधून रजिस्ट्री एडिटर उघडावा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या पीसीवर तो बंद केलेला असेल, तर प्रश्न तिथेच संपला. वळसा घालून तो उघडण्याच्या युक्त्या शोधू नयेत, सिस्टीम ॲडमिनला विचारावे.

एडिटर उघडल्यावर डाव्या बाजूला पाच मोठ्या शाखा दिसतात. बहुतेक जुन्या मार्गदर्शिका पहिल्या, म्हणजे ‘एचकी क्लासेस रूट’ या शाखेत जायला सांगतात. ते चालते, पण तिथे केलेली नवी नोंद साधारणपणे त्या पीसीवरच्या सर्व युजरना लागू होते आणि त्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागतात. त्यापेक्षा ‘एचकी करंट युजर’ निवडावी. त्यात ‘सॉफ्टवेअर’, त्यात ‘क्लासेस’, त्यात ‘डिरेक्टरी’, त्यात ‘बॅकग्राउंड’ आणि त्यात ‘शेल’ असा मार्ग आहे. यातल्या शेवटच्या दोन-तीन शाखा कित्येकदा अस्तित्वातच नसतात. तेव्हा राइट क्लिक करून ‘न्यू’ आणि ‘की’ निवडून त्या एकेक करून तयार कराव्यात. नावातली लहान-मोठी अक्षरे चालून जातात, स्पेलिंग मात्र चुकता कामा नये.

काही बदलण्याआधी ‘क्लासेस’ ही शाखा निवडून फाइल मेन्यूतल्या ‘एक्सपोर्ट’ने तिची प्रत काढून ठेवावी. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘अनडू’ नाही. चुकून दुसरीच शाखा डिलीट झाली, तर ही प्रतच उपयोगी पडते.

आता ‘शेल’मध्ये स्वतःची एक की तयार करावी. तिला ‘मायटर्मिनल’ असे साधे, सलग नाव द्यावे. हे नाव मेन्यूत दिसत नाही. दिसणारा मजकूर उजवीकडच्या ‘डीफॉल्ट’ या नोंदीवर डबल क्लिक करून लिहायचा असतो. इथे ‘येथे टर्मिनल उघडा’ असे मराठीत लिहिले तरी मेन्यूत ते नीट दिसते. या मजकुरात एखाद्या रोमन अक्षराआधी ‘अँड’चे चिन्ह टाकले, तर मेन्यू उघडा असताना ते अक्षर दाबून ओळ निवडता येते. म्हणजे शिफ्ट आणि एफ १० दाबून मेन्यू उघडायचा आणि मग ते अक्षर. माउसला हात लावायची गरज नाही.

शेवटी ‘मायटर्मिनल’च्या आत ‘कमांड’ नावाची आणखी एक की करावी. तिच्या ‘डीफॉल्ट’ नोंदीत लिहायची ती खरी ओळ. सीएमडी डॉट ईएक्सई, एक जागा, स्लॅश के, एक जागा, ‘पुशडी’ म्हणजे पी, यू, एस, एच, डी, परत एक जागा, मग दुहेरी अवतरणचिन्ह, टक्क्याचे चिन्ह, कॅपिटल व्ही आणि शेवटी पुन्हा दुहेरी अवतरणचिन्ह. झाले. पीसी रीस्टार्ट करायचीही गरज नसते. कुठल्याही फोल्डरमध्ये राइट क्लिक करून पाहावे.

त्या ओळीतले प्रत्येक चिन्ह कशासाठी?

‘सीएमडी’ हा चालवायचा प्रोग्राम. ‘स्लॅश के’ म्हणजे पुढची कमांड चालव, पण खिडकी उघडीच ठेव. त्याऐवजी ‘स्लॅश सी’ लिहिले तर खिडकी क्षणभर चमकून बंद होईल. ‘पुशडी’ हा ‘सीडी’चा अधिक समजूतदार भाऊ. तो ड्राइव्हही बदलतो आणि लॅनवरच्या शेअर फोल्डरमध्ये क्लिक केले असेल, तर त्याला तात्पुरते ड्राइव्हचे अक्षर देऊन तिथेही पोहोचवतो. टक्का आणि व्ही या जागी क्लिकच्या वेळी त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता येतो.

उरली अवतरणचिन्हे. ती शोभेची वाटतात, पण सगळ्यात महत्त्वाची तीच आहेत. विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात ‘अँड’चे चिन्ह चालते. ‘आर अँड डी’ हे नाव कंपन्यांत नेहमी दिसते. कमांड प्रॉम्प्टच्या भाषेत मात्र त्याच चिन्हाचा अर्थ ‘इथे एक कमांड संपली, आता पुढची चालव’ असा होतो. अवतरणचिन्हे विसरली, तर फोल्डरच्या नावाचा उरलेला भाग विंडोज कमांड समजून चालवायला जाईल. ‘आर अँड डी’च्या बाबतीत फक्त एरर येईल. पण कुणी मुद्दाम त्या चिन्हापुढे एखाद्या प्रोग्रामचे नाव लिहून फोल्डर बनवला आणि झिप करून पाठवला, तर तो प्रोग्राम चालेल. एका विसरलेल्या चिन्हामुळे फोल्डरचे नावच हुकूम देऊ लागते.

ही चिन्हे सरळच हवीत. वर्ड किंवा वेबपेजवरून घेतलेली वळणदार अवतरणचिन्हे दिसायला तीच वाटली तरी कमांड प्रॉम्प्टसाठी ती अवतरणचिन्हे नसतात.

विंडोज टर्मिनल हे नवे ॲप थेट उघडायचे असेल, तर सुरुवात ‘डब्ल्यूटी डॉट ईएक्सई’ने होते आणि पत्त्याआधी ‘वजा डी’ लागते. उबंटू किंवा अन्य प्रोफाइल हवे असेल, तर ‘वजा पी’ आणि अवतरणात प्रोफाइलचे नाव. यात एक खोच आहे. ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर, म्हणजे थेट ‘डी’ ड्राइव्ह उघडून क्लिक केले, तर पत्ता बॅकस्लॅशने संपतो. तो बॅकस्लॅश आपल्या शेवटच्या अवतरणचिन्हाला खाऊन टाकतो आणि टर्मिनल एरर देते. व्हीनंतर बॅकस्लॅश आणि एक टिंब लिहिले की हा प्रश्न सुटतो. टिंबाचा अर्थ ‘हाच फोल्डर’, त्यामुळे इतर ठिकाणीही काही बिघडत नाही.

मराठी नावाच्या फोल्डरचे काय? ‘बारावी निकाल’ असे नाव जुन्या काळ्या खिडकीत चौकोनांच्या रांगेसारखे दिसते. पण पत्ता आतून बरोबर असतो, काम अडत नाही. विंडोज टर्मिनलमध्ये देवनागरी दिसते, काना-मात्रा मात्र आवृत्तीनुसार थोड्या सैल वाटू शकतात.

विंडोज ११ मध्ये ओळ दिसत का नाही?

सगळे बरोबर करूनही विंडोज ११ वर अनेकांना आपली ओळ सापडत नाही. ती असते, पण ‘शो मोअर ऑप्शन्स’ या पर्यायाच्या मागे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने राइट क्लिकचा मेन्यू नव्याने बांधला. जुना मेन्यू वर्षानुवर्षे भरत गेला होता आणि कॉपी-पेस्टसारखे रोजचे पर्याय लांबच लांब यादीत हरवत होते, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. पण नव्या मेन्यूत जागा मिळवायची तर आता रीतसर पॅकेज केलेले ॲप लागते. रजिस्ट्रीतल्या साध्या नोंदीला तिथे प्रवेश नाही. डेव्हलपर कंपन्यांना हे जमते, हौसेने एक ओळ टाकणाऱ्याला नाही.

त्यावर व्यवहारी मार्ग म्हणजे शिफ्ट दाबून राइट क्लिक करणे. पूर्ण जुना मेन्यू उघडतो. जुना मेन्यू कायमचा परत आणणारी रजिस्ट्रीची युक्तीही बरीच प्रसिद्ध आहे, पण एका टर्मिनलसाठी सगळा मेन्यू मागे नेण्यात फारसा अर्थ दिसत नाही. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट टर्मिनल म्हणून विंडोज टर्मिनल निवडलेले असेल, तर आपली ‘सीएमडी’ची ओळही त्याच नव्या खिडकीत उघडते. त्यामुळे बहुतेकांना वेगळी ‘डब्ल्यूटी’ची ओळ लागतच नाही.

तयार ‘रेग’ फाइल डाउनलोड केली तर?

एवढे टाइप करण्यापेक्षा सोपा रस्ता इंटरनेटवर पावलोपावली सापडतो. ‘डॉट रेग’ फाइल डाउनलोड करा, डबल क्लिक करा, ‘येस’ दाबा. अडचण अशी, की विंडोज इथे फक्त ‘नक्की करायचे का?’ एवढेच विचारते. फाइलमध्ये काय आहे, ते दाखवत नाही. एकाच रेग फाइलमध्ये मेन्यूची एक ओळ आणि तिच्याखाली आणखी वीस बदल असू शकतात. ‘रन’ नावाच्या शाखेत एक नोंद गेली, तर लॉगइन केल्यावर दर वेळी तो प्रोग्राम आपोआप सुरू होईल. शाखेच्या नावाआधी नुसते वजा चिन्ह असले, तर ती शाखा आतल्या सगळ्या नोंदींसह पुसली जाते.

तरीही तयार फाइल वापरायचीच असेल, तर ती आधी नोटपॅडमध्ये उघडावी. चौकोनी कंसातल्या प्रत्येक ओळीत ‘क्लासेस’ आणि त्यापुढे ‘डिरेक्टरी’ किंवा ‘डेस्कटॉपबॅकग्राउंड’ हेच दिसायला हवे. ‘रन’, एखाद्या वेबसाइटचा पत्ता किंवा पॉवरशेलच्या पुढे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ दिसली, तर फाइल बंद करून डिलीट करावी.

हा इशारा केवळ पुस्तकी नाही. २०२४ पासून ‘क्लिकफिक्स’ नावाचा फसवणुकीचा प्रकार जगभर पसरला आहे. एखाद्या वेबपेजवर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असा खोटा कॅप्चा किंवा ‘एरर दुरुस्त करा’ असा संदेश येतो. मग विंडोज आणि आर ही बटणे दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा, असे सांगितले जाते. दरम्यान पेजने क्लिपबोर्डवर गुपचूप एक कमांड ठेवलेली असते. वापरणारा स्वतःच्या हाताने ती चालवतो. २०२५ मध्ये याचाच ‘फाइलफिक्स’ हा अवतार समोर आला. त्यात हीच कमांड एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये पेस्ट करायला लावतात. वर सांगितलेली ‘सीएमडी’ लिहिण्याची सोय ज्या जागेत आहे, तीच ही जागा. अँटिव्हायरसलाही अशा वेळी अडचण येते, कारण वरवर पाहता कमांड खुद्द मालकानेच दिलेली असते.

म्हणून हाताने टाइप करणे बरे. प्रत्येक अक्षर स्वतः लिहिणाऱ्याला निदान ओळ केवढी आहे आणि तिच्यात काय आहे, हे कळते.

फोल्डरमधली फाइल आपोआप चालवली तर?

टर्मिनलचे बटण जमले की पुढचा मोह येतो. पायथन शिकणारे विद्यार्थी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘व्हेन्व्ह’ हे वेगळे वातावरण तयार करतात आणि टर्मिनल उघडल्यावर ते दर वेळी सुरू करावे लागते. मग वाटते, बटणाने टर्मिनल उघडून त्या फोल्डरमधली ‘ॲक्टिव्हेट’ ही बॅच फाइलही चालवावी. रजिस्ट्रीत एवढे लिहिणे अवघड नाही.

पण इथे ओळीचा स्वभाव बदलतो. पहिली ओळ फक्त फोल्डरमध्ये नेऊन उभे करत होती. ही ओळ त्या फोल्डरमध्ये जे काही ‘ॲक्टिव्हेट’ नावाने ठेवलेले असेल, ते चालवते. स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये ते ठीक आहे. मित्राच्या पेन ड्राइव्हवर किंवा टेलिग्रामवरून आलेल्या झिपमध्ये त्या नावाची फाइल कुणी लिहिली आहे, कुणास ठाऊक. मेन्यू मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो. व्हीएस कोडने २०२१ मध्ये ‘या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का?’ असे विचारायला सुरुवात केली, ती याच कारणाने. आपल्या हाताने बनवलेले बटण असे काही विचारत नाही. त्यामुळे वातावरण सुरू करायची कमांड टर्मिनल उघडल्यावर स्वतः टाइप करावी. दहा-पंधरा अक्षरांचा तर प्रश्न आहे.

साध्या बटणातही कमांड प्रॉम्प्टची एक जुनी सवय लक्षात ठेवावी लागते. नुसते ‘पायथन’ लिहिले, तर तो आधी चालू फोल्डरमध्ये त्या नावाचा प्रोग्राम शोधतो आणि तिथे नसेल तरच इतरत्र जातो. डाउनलोड्समध्ये उभे राहून कमांड दिली आणि तिथे त्याच नावाची भलतीच फाइल पडलेली असली, तर तीच चालेल. पॉवरशेल असे करत नाही. चालू फोल्डरमधली फाइल चालवायची तर तिथे आधी टिंब आणि बॅकस्लॅश लिहावे लागतात. सुरुवातीला हे त्रासदायक वाटते, पण ते मुद्दाम केलेले आहे.

तिसरा मोह ॲडमिनचा. कीचे नाव ‘रनॲज’ ठेवले की तेच टर्मिनल ॲडमिन अधिकारांनी उघडते. रोजच्या कामासाठी असे बटण ठेवू नये. ‘डेल’ कमांडने पुसलेली फाइल तशीही रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यात ॲडमिनचे अधिकार असले, तर चुकीच्या फोल्डरमध्ये दिलेली एक कमांड विंडोजच्या फाइलपर्यंत पोहोचू शकते. शिवाय नेटवर्कवरचे मॅप केलेले ड्राइव्ह ॲडमिन टर्मिनलमध्ये अनेकदा दिसतच नाहीत.

लिनक्स आणि मॅकवर काय?

जुना पीसी लिनक्सवर नेलेल्यांना हे सगळे करावे लागत नाही. उबंटू आणि लिनक्स मिंटमध्ये ‘ओपन इन टर्मिनल’ मेन्यूत असतेच. स्वतःची भर घालायची असेल, तर एक्सएफसीई डेस्कटॉपचा थुनार हा फाइल मॅनेजर सर्वांत सोपा. ‘एडिट’मधल्या ‘कॉन्फिगर कस्टम ॲक्शन्स’मध्ये नाव, चिन्ह आणि कमांड भरायची, कुठल्या प्रकारच्या फाइलवर ती दिसावी यावर खुणा करायच्या. रजिस्ट्री नाही, लपलेल्या शाखा नाहीत. विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांत असा एक साधा चौकोन का नाही, हा प्रश्न रास्त आहे. उबंटूच्या फाइल्स ॲपमध्ये होम फोल्डरच्या आतल्या, लपलेल्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये छोटा प्रोग्राम ठेवून त्याला चालवण्याची परवानगी दिली, की तो राइट क्लिकमध्ये येतो. अर्थात कुणाची तरी स्क्रिप्ट न वाचता तिथे ठेवणे हे रेग फाइलवर डबल क्लिक करण्यासारखेच आहे.

मॅकवर सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, सर्व्हिसेस असे जाऊन ‘न्यू टर्मिनल ॲट फोल्डर’ समोर खूण केली की काम होते.

ओळ नको झाली तर?

रजिस्ट्री एडिटरमध्ये त्याच मार्गाने जाऊन ‘शेल’च्या आतली ‘मायटर्मिनल’ ही एवढीच की डिलीट करावी. वरची ‘शेल’, ‘बॅकग्राउंड’ किंवा ‘डिरेक्टरी’ नव्हे, त्यात इतर सॉफ्टवेअरच्या नोंदी असू शकतात. ओळ काढायची नसेल, पण मेन्यूत सतत नको असेल, तर ‘मायटर्मिनल’मध्ये ‘एक्स्टेंडेड’ नावाची रिकामी स्ट्रिंग व्हॅल्यू तयार करावी. मग ती फक्त शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावरच दिसते.

नोंद ‘करंट युजर’मध्ये असल्याने ती त्या लॉगइनपुरतीच राहते. घरच्या पीसीवर आई-वडिलांचे खाते वेगळे असेल, तर त्यांच्या मेन्यूत ती येणार नाही. लॅबमध्ये मात्र सगळे विद्यार्थी एकाच लॉगइनवर बसतात. तिथे टाकलेली ओळ पुढच्या बॅचलाही दिसणार, आणि आधीच्या बॅचमधल्या कुणी टाकलेली ओळ आपल्याला. मेन्यूत अनोळखी टर्मिनल दिसले, तर क्लिक करण्याआधी रजिस्ट्री एडिटर उघडून तिच्या ‘कमांड’मध्ये काय लिहिले आहे, ते वाचून घ्यावे.